साप पाळायचाच झाला, तर कोणता?

घराघरांत मोबाईल आला आणि त्याबरोबर जगातले नाना छंदही आपल्या वस्तीत आले. परदेशातला एखादा मुलगा केशरी रंगाचा साप मनगटाला गुंडाळून बसला आहे, एखादी मुलगी मोठ्या वेटोळ्याचा साप मांडीवर घेऊन अभ्यास करते आहे, अशी चित्रे आपली मुले रोज पाहतात. मग एके दिवशी हट्ट सुरू होतो : "बाबा, मला साप पाळायचाय!" आई कपाळाला हात लावते, आजी "शिव शिव, नाव पण काढू नको" म्हणते, बाप डोळे वटारतो आणि विषय संपतो.

आमच्या मते विषय तिथे संपू नये. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला धपाटा घालून गप्प करणे ही आपली शिकवण नव्हे. शिवाय गप्प केलेला मुलगा गप्प बसतोच असे नाही. तो नाल्याकाठी, पडक्या भिंतीत, रेल्वे रुळांच्या कडेला स्वतःच साप शोधायला जातो, आणि खरा धोका तिथे आहे. म्हणून या अंकात आम्ही हा विषय सरळ घेत आहोत. साप पाळणारे लोक जगात नवशिक्याला प्रामुख्याने दोन साप सुचवतात : कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन. या दोघांत कोणता बरा, त्यांना काय लागते, आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो आणि आपल्यासारख्या कष्टकरी बौद्ध कुटुंबाने काय करावे, हे क्रमाने पाहू.

दोघांची ओळख

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या पूर्व आणि आग्नेय भागातला साप. कॉर्न म्हणजे मका. मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागे येतो म्हणून हे नाव पडले असे काही सांगतात. पोटावरची नक्षी तिकडच्या रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून पडले असे दुसरे सांगतात. अंग सडपातळ, रंग केशरी-तांबडा, लांबी साधारण तीन ते पाच फूट. आपल्या धामणीसारखाच हा शेतकऱ्याचा उंदीरमार मित्र. विष अजिबात नाही. चांगली निगा राखली तर पंधरा-वीस वर्षे जगतो.

बॉल पायथन हा अजगराच्या कुळातला, पण त्या कुळातला लहान. घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो फार मोठ्या संख्येने बाहेर विकला गेला. भीती वाटली की डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. लांबी तीन ते पाच फूटच, पण अंगाने जाड आणि वजनाने भारी. यालाही विष नाही. आयुष्य वीस ते तीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील एका बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे असल्याचा तिथल्या लोकांचा अंदाज होता. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने हौसेने आणलेला साप त्याच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नालाही हजर राहू शकतो! कुत्र्या-मांजराचा हिशेब इथे चालत नाही.

कोणाला काय लागते?

सापाचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. अंगाची ऊब तो बाहेरून घेतो. म्हणून पेटीत एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवावी लागते, म्हणजे त्याला हवे तिथे सरकता येते. कॉर्न स्नेकला उबदार बाजू अठ्ठावीस ते तीस अंश आणि थंड बाजू बावीस-चोवीस अंश पुरते. हवेतला ओलावा मध्यम चालतो. बॉल पायथनला ऊब थोडी जास्त, एकतीस-बत्तीस अंशांची लागते, आणि ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास सतत ठेवावा लागतो. तो कमी झाला की कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर अडकते. श्वासाचे आजारही होतात.

पेटी दोघांनाही लहान चालत नाही. पूर्ण वाढलेल्या सापाला चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा हवी, लपायला दोन ठिकाणे हवीत, पाण्याचे भांडे हवे, ऊब मोजायला यंत्र हवे आणि ऊब आपोआप कमी-जास्त करणारे दुसरे यंत्र हवे. ते दुसरे यंत्र नसेल तर गरम पट्टीने साप भाजतो.

खाण्यात मात्र दोघांत मोठा फरक आहे. कॉर्न स्नेक खादाड. पिल्लू आठवड्यातून एकदा, मोठा झाल्यावर दहा-पंधरा दिवसांतून एकदा, पुढ्यात आलेला उंदीर तो बहुधा बिनतक्रार गिळतो. बॉल पायथनचा स्वभाव वेगळा. जागा बदलली, हवा बदलली, विणीचा हंगाम आला, की तो तोंड मिटून बसतो, आणि हा उपवास महिनोन् महिने चालू शकतो. मुरलेला पाळणारा वजन करतो, वही ठेवतो, वाट पाहतो. नवशिक्याचा मात्र जीव टांगणीला लागतो. साप आजारी आहे की नुसता रुसला आहे, हे त्याला कळत नाही.

हाताळायला बॉल पायथन सोपा वाटतो. तो संथ आहे, हातात शांत पडून राहतो, घाबरट माणसालाही धीर येतो. कॉर्न स्नेक चपळ. पिल्लू असताना तर तो शेपटी थरथरवतो, निसटायला बघतो. पेटीच्या झाकणाला बोटभर फट राहिली तरी रात्रीतून पसार होतो. पण हाताला सरावला की तोही शांत होतो, आणि संध्याकाळी पेटीत इकडेतिकडे फिरताना दिसतो. बॉल पायथन दिवसभर बिळात वेटोळे घालून पडलेला असतो.

रंगाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. विकणाऱ्यांनी या सापांचे शेकडो रंग पैदा केले आहेत. बॉल पायथनमध्ये 'स्पायडर' नावाचा एक वाण आहे. दिसायला सुंदर, पण त्या रंगाबरोबरच मज्जासंस्थेचा दोष येतो. साप मान धड धरू शकत नाही, डोके लटपटते, भक्ष्यावर नेम लागत नाही. माणसाच्या डोळ्यांच्या हौसेसाठी प्राण्याच्या जन्माला लावलेले हे दुखणे आहे. ज्यांना करुणा ठाऊक आहे त्यांनी असला वाण कधीच घेऊ नये.

आमचा कौल

दोघांतच निवडायचे असेल तर नवशिक्याने कॉर्न स्नेक घ्यावा, असे आमचे मत आहे. तो नियमित खातो, ओलाव्याच्या लहानसहान चुका सोसतो, अंगाने हलका असतो आणि त्याचे आयुष्यही माणसाला झेपेल इतके असते. झाकण घट्ट लावायची सवय एवढी एकच शिस्त तो कडक मागतो. बॉल पायथन वाईट नाही, पण तो ज्याच्याकडे वेळ, धीर आणि अनुभव आहे त्याचा साप आहे.

दोघांनाही लागू पडणारे नियम थोडक्यात असे : खाऊ घातल्यावर दोन दिवस सापाला उचलू नये. हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, त्यांनी जुलाब आणि ताप येतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊ नये. आणि साप आपल्याला ओळखून लळा लावील ही आशा धरू नये. तो फार तर आपली भीती सोडतो. प्रेम करणारा प्राणी हवा असेल तर गल्लीत कुत्र्याची पिल्ले पुष्कळ आहेत.

कायदा काय म्हणतो?

आता कागदपत्रांचा प्रश्न. आपल्या देशातले साप, मग तो नाग असो, धामण असो, अजगर असो की मांडूळ, पकडणे, घरात ठेवणे, विकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व दंड आहे. "पिल्लू होते, सापडले म्हणून ठेवले" ही सबब चालत नाही.

परदेशी सापांचे काय? या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वन्यजीवांच्या जागतिक व्यापारावर बंधने घालणारा 'सायटीस' नावाचा करार आहे. त्या करारातले प्राणी आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. बॉल पायथन त्यात आहे. तो जवळ असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते. कॉर्न स्नेक त्या करारात नाही, म्हणून ही नोंद त्याला लागत नाही. पण परदेशातून जिवंत प्राणी आणायला परवाना लागतोच. चोरून आणलेला कॉर्न स्नेकही चोरीचाच.

आणि चोरून आणणे किती चालते? डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत लपवलेले अकरा साप सापडले. त्यांतले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक होते. नेमके हेच दोन! बिस्किटाच्या पुड्यात कोंडून विमानाने येणारा साप कोणत्या अवस्थेत येत असेल, याचा विचार करावा. म्हणून कागद न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून फुकट मिळाला तरी साप घेऊ नये.

इथे तरुण पोरांना एक इशारा. मांडूळ हा बिनविषारी, मातीत राहणारा गरीब साप. त्याची शेपटी बोथट असते म्हणून लोक त्याला 'दुतोंड्या' म्हणतात. त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, त्याला कोट्यवधी रुपये मिळतात, असल्या भूलथापा देणाऱ्या टोळ्या आहेत. त्या टोळीत साप बाळगायला, पोचवायला कोण असतो? बेकार, गरजू तरुण. पैशांचा पाऊस कधी पडत नाही. पोलिसांची धाड मात्र पडते आणि तुरुंगात तोच जातो. अंधश्रद्धेची किंमत नेहमी गरीबच मोजतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

पहिल्या शीलाचा प्रश्न

आपण पंचशील घेणारी माणसे. साप पाळायचा तर त्याला उंदीर द्यावे लागतात. भात, दूध, भाजी यांवर साप जगत नाही. नागपंचमीला त्याच्या तोंडात दूध ओततात ते त्याच्या जिवावर उठते. परदेशात मारून बर्फात गोठवलेले उंदीर विकत मिळतात. ते कोमट पाण्यात वितळवून देतात. पण ते उंदीरही त्यासाठीच वाढवलेले आणि मारलेले असतात.

मग साप पाळणे म्हणजे शीलभंग काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. रानातला साप उंदीर खातो ती त्याची गरज. तिथे दोष कोणाचाच नाही. परंतु तोच साप हौसेसाठी आपण घरात आणला, की त्याच्यासाठी वीस वर्षे उंदीर मारण्याची गरज आपण स्वतः निर्माण करतो. ती गरज सापाची राहते की आपल्या करमणुकीची होते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. आम्ही कोणावर बंदी घालत नाही. मुलाला हा प्रश्न मोकळेपणाने विचारावा. दहा-बारा वर्षांचे मूलही त्यावर मोठ्यांपेक्षा सरळ विचार करते, असा आमचा विश्वास आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे चार फुटांची पेटी कुठे ठेवणार? विदर्भात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. पत्र्याच्या छपराखाली पेटीत कोंडलेला साप त्यात जगणार नाही. मुंबईच्या पावसाळ्यात ओल इतकी असते की हवा खेळती नसेल तर कॉर्न स्नेकच्या कातडीला रोग लागतो. भारनियमन झाले तर ऊब गेली. आणि सापावर उपचार करणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी मिळणे कठीण. म्हणून दोघांत कॉर्न स्नेक बरा असे सांगतानाच, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज दोघांपैकी एकही नको, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

नाल्याकाठचा साप

हे सारे लिहिण्याचे खरे कारण पुढे आहे. मोबाईलवर बॉल पायथन पाहणारा मुलगा त्यासारखा दिसणारा साप बाहेर शोधतो, आणि आपल्याकडे त्यासारखा दिसतो तो घोणस. जाड अंग, तपकिरी रंग, पाठीवर ठिपके. अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या घोणस समजून विषारी घोणस हातात घेतल्यावर जीव धोक्यात येतो. घोणसाच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि डिवचला की तो कुकरच्या शिटीसारखा फूत्कार करतो. तसेच बिनविषारी कवड्या आणि अत्यंत विषारी मण्यार यांत भलेभले फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होतात, कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. पण ही ओळख लांबून पाहण्यासाठी आहे, उचलून खात्री करण्यासाठी नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप आपल्याकडे सर्वांत जास्त बळी घेतात.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. ही माणसे कोण? बहुतांशी खेड्यातली, अनवाणी शेतात राबणारी, अंधारात पाण्याला जाणारी, जमिनीवर झोपणारी. मण्यार रात्री उंदरांमागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. हा गरिबीचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. आणि आपल्या केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर केला.

साप चावलाच तर माणसाला आडवे करून धीर द्यावा. चावलेला हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैल बांधून हलू देऊ नये. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत. आवळून दोरी बांधू नये, चिरू नये, चोखू नये, बर्फ लावू नये. मांत्रिकाकडे, देवळात, जडीबुटीवाल्याकडे एक मिनिटही घालवू नये. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठावा. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागले आणि पापण्या जड झाल्या तर उशीर करू नये. सापाला मारून सोबत नेण्याची गरज नाही.

दवाखान्यात जी लस मिळते ती वरील चार सापांच्या विषापासून घोड्याच्या रक्तात तयार होते. त्यासाठी लागणारे विष पुष्कळसे येते तमिळनाडूतील इरुला या आदिवासी जमातीच्या सहकारी संस्थेकडून. सापाच्या कातडीचा धंदा बंद झाल्यावर या जमातीची उपासमार झाली. तेव्हा १९७८ साली चेन्नईजवळ ही संस्था उभी राहिली. इरुला साप पकडतात, विष काढतात आणि सापाला जिवंत परत सोडतात. ज्यांना समाजाने रानटी म्हणून हिणवले त्यांच्या ज्ञानावर आज देशभरातले रोगी वाचतात. सापाबद्दल मुलाला कौतुक वाटायचेच असेल तर ते या माणसांचे वाटावे.

मैत्री म्हणजे काय?

नाग हे नाव आपल्या इतिहासातले आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर हीच भूमी धम्मदीक्षेसाठी का निवडली हे सांगताना बाबासाहेबांनी नाग लोकांचा इतिहास सांगितला. ते नाग म्हणजे माणसे होती. फणा काढणारे जनावर नव्हेत. म्हणून सापाला देव मानून पूजणे आपले काम नाही, आणि वैरी समजून ठेचणेही नाही. अंगुत्तर निकायात एक कथा आहे. एक भिक्खू साप चावून मेला, तेव्हा तथागतांनी भिक्खूंना सापांच्या चारही कुळांविषयी मैत्री बाळगायला सांगितले.

मैत्री म्हणजे मंत्र नव्हे. ती वागण्यात दिसावी लागते. घराभोवती विटा-लाकडांचा ढीग न साठवणे, उष्टे टाकून उंदीर न वाढवणे, रात्री बॅटरी घेऊन चालणे, जमिनीऐवजी खाटेवर आणि मच्छरदाणी नीट खोचून झोपणे, ही मैत्रीच. त्यात साप वाचतो आणि माणूसही वाचतो. घरात साप निघाला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सर्पमित्र बोलवायचा तर वन विभागाकडे नोंद असलेला, साप गळ्यात घालून फोटो न काढणारा बोलवावा.

आणि हट्ट धरलेल्या मुलाला? त्याला कात्रजच्या सर्पोद्यानात न्यावे. एक वही द्यावी. आपल्या भागात कोणते साप दिसतात, ते काय खातात, कोणत्या महिन्यात दिसतात, हे लांबून पाहून आणि विचारून त्याने लिहावे. पुढे मोठा होऊन स्वतःची जागा, स्वतःची कमाई आणि हातात कागदपत्रे असतील, आणि उंदराच्या प्रश्नाचे उत्तर त्याचे त्याने शोधले असेल, तर त्याने कॉर्न स्नेक खुशाल पाळावा. तोवर वस्तीतल्या चार माणसांना मण्यार आणि कवड्यातला फरक सांगून जो मुलगा एकाला वेळेवर दवाखान्यात पोचवील, त्याचा छंद सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.